वकिली शिकणाऱ्या मुलांनी ग्रंथालय कसे वापरावे?

शहाण्या माणसाने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. बांधाचा तंटा, वाटणीचा दावा, वहिवाटीचा रस्ता यांच्यापायी ज्यांची अर्धी जमीन तारखांनी खाल्ली, त्यांचे ते बोल होते. आज त्याच घरांतली मुले-मुली वकिली शिकायला जाऊ लागली आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा आणि पदवीनंतर तीन वर्षांचा, असे दोन्ही अभ्यासक्रम त्यांना खुले आहेत.

या मुलांजवळ एक शिदोरी घरचीच असते. सात-बारा, आठ-अ, फेरफार हे शब्द शहरातल्या मुलाला पुस्तकातून शिकावे लागतात. आपल्या मुलाने ते चावडीवर आणि ओसरीवर ऐकलेले असतात. उणीव असते ती ग्रंथालयाच्या सवयीची. गावात असलेच तर वर्तमानपत्रांचे वाचनालय असते. त्यामुळे विद्यापीठाच्या ग्रंथालयात पाऊल टाकले, की एकासारख्या एक बांधणीच्या जाडजूड पुस्तकांच्या भिंती पाहून मूल बावरते आणि बाजारातले गाईड घेऊन खोलीवर परतते. ग्रंथालयाची रक्कम मात्र फीमध्ये भरलेली असते. पाणीपट्टी भरायची आणि आपली पाळी आली की दार उघडायचे नाही, अशातलाच हा प्रकार.

कायद्याच्या ग्रंथालयात मुख्यतः तीन प्रकारची पुस्तके असतात, एवढे आधी ध्यानात घ्यावे. पहिला प्रकार म्हणजे मूळ कायदा, जसाच्या तसा छापलेला. उदाहरणार्थ, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ किंवा शेतरस्ता अडवल्यावर आपण ज्याचा आधार घेतो तो मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६. दुसरा प्रकार टीकाग्रंथांचा. एकेका कलमाचा अर्थ कोर्टांनी कसा लावला, हे त्यात उलगडून सांगितलेले असते. मुंबईचे दिनशा मुल्ला यांचा हिंदू कायद्यावरचा ग्रंथ १९१२ साली प्रथम निघाला. त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या वकील आजही उघडतात. तिसरा प्रकार निकालपत्रांच्या खंडांचा, आणि भिंती भरलेल्या असतात त्या यांनीच. यांतला सर्वांच्या तोंडी असलेला 'ऑल इंडिया रिपोर्टर', म्हणजे एआयआर, आपल्या नागपुरातून निघतो. त्यात १९१४ सालापासूनचे निकाल आहेत.

वकिलांच्या बोलण्यात 'एआयआर २०२० एससी ३७१७' असे काहीतरी येते. ऐकणाऱ्याला तो मंत्र वाटतो, पण तो केवळ पत्ता आहे. एआयआर हे मालिकेचे नाव, २०२० हे साल, एससी म्हणजे सुप्रीम कोर्टाचा विभाग आणि ३७१७ हे पान. गट नंबर कळला की शेत सापडते, तसा हा पत्ता कळला की निकाल सापडतो. विद्यार्थ्याने पहिल्या आठवड्यातच असे पाच पत्ते वहीत लिहून घ्यावेत आणि स्वतः कपाटापाशी जाऊन ते निकाल काढावेत. एकदा हात बसला की भीती मोडते.

वरचा पत्ता मुद्दामच दिला आहे. तो निकाल प्रत्येक शेतकरी घराशी संबंधित आहे.

वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध हक्क देणारी हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आली. महाराष्ट्राने तशी दुरुस्ती १९९४ सालीच केली होती, पण त्यापूर्वी लग्न झालेल्या मुली तिच्यातून वगळल्या होत्या. पुढे प्रश्न निघाला की, २००५ पूर्वीच वडील वारले असतील तर मुलीचे काय? सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी २०१५ साली प्रकाश विरुद्ध फुलवती या दाव्यात सांगितले की, त्या दिवशी वडील आणि मुलगी दोघेही हयात हवेत. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या दाव्यात तीन न्यायमूर्तींनी हे मत रद्द ठरवले. मुलीचा हक्क जन्मानेच येतो, तेव्हा त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, असा निर्णय त्यांनी दिला. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेल्या वाटण्या कायम राहिल्या. तोंडी वाटणीचे निमित्त सहसा चालणार नाही, असेही कोर्टाने सांगितले.

आता समजा, एखाद्या विद्यार्थ्याने २०१६ साली छापलेले पुस्तक वाचून तेवढ्यावरच भिस्त ठेवली. उद्या त्याच्याकडे एक बहीण आली आणि म्हणाली, "दादा, आमचे वडील २००३ साली गेले. शेतात माझे काही आहे का?" तो पुस्तक उघडून 'नाही' म्हणेल, आणि ती बिचारी उठून सासरी जाईल. पुस्तक खोटे नव्हते. ते शिळे झाले होते. एका शिळ्या पानाने बहिणीचा हिस्सा जातो, म्हणून कायद्याच्या ग्रंथालयात दोन गोष्टी कधीही विसरू नयेत. पुस्तकाच्या आवृत्तीचे साल पाहावे, आणि सापडलेला निकाल पुढे कोणत्या निकालाने रद्द केला किंवा बदलला काय, याचा शोध घेतल्याशिवाय तो वहीत उतरवू नये.

फौजदारी कायद्यांचेही असेच आहे. १ जुलै २०२४ पासून १८६० सालच्या भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागीही नवे कायदे आले. कलमांचे आकडे बदलले. म्हणून वडीलभावाची जुनी पुस्तके धाकट्याला जशीच्या तशी चालणार नाहीत. पण ती रद्दीतही घालू नयेत. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच दंड संहिता लागू आहे, आणि असे खटले अजून पुष्कळ काळ चालतील.

पुढचा निकाल शोधण्याचे काम आता संगणकाने सोपे केले आहे. एससीसी ऑनलाइन, मनुपात्र अशा निकालांच्या संगणकीय साठ्यांना मोठी वर्गणी पडते. ती विद्यापीठ भरते आणि विद्यार्थ्याला ते ग्रंथालयात वापरता येतात. काही ठिकाणी खोलीवरूनही पाहण्याची सोय असते. ग्रंथपालांना विचारून घ्यावी. सुप्रीम कोर्टाने स्वतःचे निकाल जानेवारी २०२३ पासून ई-एससीआर या नावाने सर्वांना फुकट खुले केले आहेत, आणि त्यांतल्या काही निकालांचे मराठी भाषांतरही मिळते. इंग्रजी कच्चे असलेल्या मुलाने आधी मराठी भाषांतर वाचावे आणि मग मूळ इंग्रजी समोर घेऊन ओळीला ओळ लावावी. महिनाभरात फरक दिसेल. कोर्टापुढे मांडताना मात्र मूळ निकालच धरावा. आणि निकालाच्या माथ्यावरचा सारांश वाचून थांबू नये. तो न्यायाधीशांचा नसून बहुधा छापणाऱ्याचा असतो.

आता नियमांचे. ओळखपत्र रोज खिशात असावे. देवघेव विभागातून पाठ्यपुस्तके ठरावीक दिवसांसाठी घरी मिळतात. निकालांचे खंड आणि संदर्भग्रंथ मात्र बहुधा तिथेच बसून वाचायचे असतात. मुदत टळली तर दंड पडतो. शेवटच्या वर्षी सोसायटीच्या बेबाकी दाखल्यासारखा ग्रंथालयाचाही दाखला लागतो, तो नसला की कागदपत्रे अडतात. पानाचा कोपरा दुमडणे, पेनने रेघा ओढणे, पान फाडून नेणे हे पुढच्या मुलाची वाट अडवणे आहे. ज्यांना पुस्तके विकत घेणे परवडत नाही त्यांनी 'पुस्तक पेढी' आहे का, ते प्रवेशाच्या वेळीच विचारावे. अनेक महाविद्यालयांत अशी योजना असते आणि लवकर अर्ज करणाऱ्याला पुस्तके मिळतात.

सर्वांत मोठी सोय म्हणजे ग्रंथपाल. आपली मुले त्यांना साहेब समजून लांब राहतात. विचारणे हा विद्यार्थ्याचा हक्क आहे आणि सांगणे हे त्यांचे काम आहे. फक्त "कायद्याचे पुस्तक द्या" असे मोघम विचारू नये. "मुलीच्या वारसाहक्कावर २०२० नंतरचे काय आहे?" असे विचारावे. नेमक्या प्रश्नाला नेमके उत्तर मिळते.

पुणे विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्याच्या पहिल्या कुलगुरूंचे, बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांचे, नाव दिलेले आहे. ते फेडरल कोर्टाचे न्यायाधीश होते. मुंबईच्या १८५५ साली सुरू झालेल्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद १९३५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे आले. बाबासाहेबांनी दादरला 'राजगृह' बांधले तेही पुस्तकांसाठी जागा ठेवून. कायद्याची मोठी माणसे पुस्तकांच्या सहवासातच मोठी झाली, हे मुलांनी ध्यानी धरावे.

पालकांनी काय करावे? मुलगा किंवा मुलगी सुट्टीत घरी आली की गुण किती पडले एवढेच विचारू नये. "या महिन्यात कोणता निकाल वाचलास? आम्हांला समजेल असा सांग," असे म्हणावे. दिवे लागल्यावर ओसरीवर बसून मुलीच्या हक्काचा निकाल घरातल्या सर्वांना, आजीला आणि आत्यालाही समजेल अशा शब्दांत ज्याला सांगता आला, त्याला तो खरोखर कळला. आणि ऐकता ऐकता घरातल्या कोणा बहिणीचा विषय निघाला, तर तो तिथेच बोलून मिटवावा. मग कोर्टाची पायरी चढण्याची वेळच येणार नाही.