पगार झाला का?

एक तारखेला मोबाइल वाजतो, 'क्रेडिटेड' असा मेसेज येतो आणि अख्ख्या ऑफिसात एकच प्रश्न फिरायला लागतो : पगार झाला का? सीटीसी, पॅकेज, टेक होम वगैरे इंटरव्ह्यूपुरतं हो. घरी आई विचारते तो पगारच.

शब्द कसा अगदी सातबाऱ्यावरचा वाटतो ना? पण मंडळी, तो पोर्तुगीज आहे! त्या भाषेत 'पगार' म्हणजे पैसे देणे, चुकते करणे. तिकडचं क्रियापद इकडे आलं आणि नाम होऊन बसलं. खुद्द पोर्तुगीज माणूस महिन्याच्या कमाईला 'सालारिउ' म्हणतो.

आणि हे काही लांबचं प्रकरण नाही. मी राहते मीरा रोडच्या शांती नगरात. सेक्टरमागून सेक्टर, सगळ्या बिल्डिंगी सारख्या. इथे पोर्तुगीज कुठून आले, असं वाटेल. पण १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि भोवतालचा मुलूख त्यांना दिला, त्यात आमची साष्टीही गेली. १७३७ साली मराठ्यांनी साष्टीत मुसंडी मारली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला. मधली दोनशे वर्षं साहेब पोर्तुगीज. घोडबंदरचा किल्ला त्यांनीच बांधला, इथून रिक्षाने जाता येतं. साहेब गेले, चावी, साबण, पाव, बटाटा, घमेलं राहिलं. आणि तुरुंगसुद्धा, बरं का!

खरी मजा पुढे आहे. पोर्तुगीज 'पगार' आला लॅटिन 'पाकारे'वरून, म्हणजे शांत करणे. त्याच्या मुळाशी 'पाक्स', म्हणजे शांती. घेणेकऱ्याला शांत करायचं, म्हणजे पैसे द्यायचे. इंग्रजी 'पे'सुद्धा याच खानदानातला. थोडक्यात, पगार म्हणजेच शांती. आमच्या नगरात ती ईएमआय कापला जाईपर्यंत टिकते.

माझ्या वाट्याला तीही नाही. फ्रीलान्सरला पगार नसतो, 'मानधन' असतं. काय भारदस्त शब्द! गेल्या महिन्यात होम लोनसाठी एका बँकेत गेले. समोरच्या साहेबांनी तीन महिन्यांची सॅलरी स्लिप मागितली. मी म्हटलं, मानधन मिळतं. 'म्हणजे पगार नाही,' असं म्हणून त्यांनी फाइल परत सरकवली. बिनपगारी फुल अधिकारी म्हणतात ते हेच. घराचा अकरा महिन्यांचा करार संपत आलाय आणि मालकाने भाडं वाढवणार असल्याचं सांगून टाकलंय. आता इन्कम टॅक्सचे रिटर्न्स घेऊन सोमवारी दुसऱ्या बँकेत जायचंय.