इंग्रजीशी गट्टी : थांबवलं की दडपलं?

दोस्तांनो, १५ ऑगस्टचं झेंडावंदन होऊन महिना होतो न होतो, तोच १७ सप्टेंबरला मराठवाड्यातल्या शाळांमध्ये पुन्हा झेंडा फडकतो. हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. या दिवसावर इंग्रजीत दहा ओळी लिहायला सांगितल्या, की कुणाच्या तरी वहीत हे वाक्य हमखास सापडतं : ‘द निझाम स्टॉप्ड द पीपल.’ म्हणजे निझामानं लोकांना थांबवलं.

व्याकरण अगदी बरोबर. इतिहास मात्र पार उलटा झाला! कसा, ते शेवटी बघू. आधी शब्दांची ओळख करून घेऊ.

मराठीत आपण किती काटेकोर असतो बघा. आई गॅस बंद करते, दडपत नाही. वाहतूक पोलीस गाडी अडवतात, आवरत नाहीत. इंग्रजी लिहायला बसलो, की मात्र सगळ्या ठिकाणी एकच ‘स्टॉप’! खरं तर इंग्रजीतही प्रत्येक प्रकाराला वेगळा शब्द आहे.

स्टॉप. चालू असलेली गोष्ट बंद करणं. इथे एक खड्डा आहे, तो चुकवा. ‘ही स्टॉप्ड टॉकिंग’ म्हणजे त्यानं बोलणं थांबवलं. ‘ही स्टॉप्ड टु टॉक’ म्हणजे बोलण्यासाठी तो थांबला. एवढ्याशा ‘टु’नं गप्प बसलेल्या मुलाला बोलका केलं!

प्रिव्हेंट. मुळात लॅटिन शब्द, अर्थ ‘आधी येणं’. गोष्ट घडायच्या आतच तिला रोखायचं. लस रोगाला ‘प्रिव्हेंट’ करते, कारण ती रोगाच्या आधी येऊन बसते. माणसाला एखादी गोष्ट करू दिली नाही, तर पुढे ‘फ्रॉम’ घाला : ‘द रेन प्रिव्हेंटेड अस फ्रॉम प्लेइंग.’

चेक. आपल्याला ‘चेक’ म्हणजे तिकीट तपासणं एवढंच माहीत. तो अर्थ नंतरचा. हा शब्द आला बुद्धिबळाच्या पटावरून! फारसीत राजा म्हणजे ‘शाह’. त्यावरूनच फिरत फिरत इंग्रजीत ‘चेक’ झाला, आणि मराठीत ‘शह’. म्हणजे ‘शह’ आणि ‘चेक’ चुलतभाऊच की! राजाला शह बसला, की त्याला मनासारखं हलता येत नाही. तसं वाढणाऱ्या गोष्टीला आळा घालणं म्हणजे ‘चेक’ : ‘टु चेक द स्प्रेड ऑफ डेंग्यू.’

कर्ब. घोड्याच्या लगामाला जोडून त्याच्या हनुवटीखाली एक साखळी किंवा पट्टा असतो, तो ‘कर्ब’. त्यामुळे राग, खर्च, हाव यांना लगाम घालायचा असेल, तर ‘कर्ब’. घोडा मरत नाही, फक्त ताब्यात राहतो.

रिस्ट्रेन. मागे ओढून धरणं. पोळ्याच्या मिरवणुकीत ताशाच्या आवाजानं बैल बुजला आणि दोघांनी कासरा घट्ट धरून त्याला आवरला, तर त्यांनी त्याला ‘रिस्ट्रेन’ केलं. स्वतःलाही असंच आवरता येतं. भाऊ चिडवतोय, तोंडावर उत्तर आलंय आणि तुम्ही ते गिळलंत, तर ‘यू रिस्ट्रेन्ड युवरसेल्फ.’ शाब्बास!

सप्रेस. ‘सब’ म्हणजे खाली आणि ‘प्रेस’ म्हणजे दाबणं. वर्गात सर गंभीरपणे शिकवताहेत आणि मागच्या बाकावरून कुणीतरी काहीतरी बोललं. तुम्ही तोंडावर हात दाबता. हसू ‘सप्रेस’ केलंत. पण ते गेलं का? छे! पोटात उकळ्या फुटतच असतात. पोहायला शिकताना फुगवलेली ट्यूब पाण्याखाली दाबून बघा. दाबणाऱ्याचे हात दुखायला लागतात, ट्यूबचं काही बिघडत नाही. ‘स्टॉप’ केलेली गोष्ट बंद झालेली असते. ‘सप्रेस’ केलेली गोष्ट आत जिवंत असते.

आता पहिल्या वाक्याकडे वळू.

साल १९३८. आजचं छत्रपती संभाजीनगर म्हणजे तेव्हाचं औरंगाबाद, निझामाच्या हैदराबाद संस्थानातलं शहर. त्या वर्षी संस्थानात स्टेट काँग्रेस स्थापन व्हायची होती. निझाम सरकारनं स्थापनेच्या आधीच तिच्यावर बंदी घातली. संघटना जन्मायच्या आत बंदी! याला शब्द कुठला? बरोबर, ‘प्रिव्हेंट’ करण्याचा प्रयत्न.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहातली मुलं ‘वंदे मातरम्’ म्हणू लागली. तुमच्या ताईदादांच्या वयाचीच ही मुलं. अधिकाऱ्यांनी मनाई केली. इंग्रजीत ही मनाई म्हणजे ‘फॉरबिड’. मुलांनी ती मानली नाही. हे लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोहोचलं. शेकडो मुलांना काढून टाकण्यात आलं.

विचार करा, परीक्षा तोंडावर, घरी आईवडील काळजीत, आणि संस्थानातल्या कॉलेजांची दारं बंद. माफी मागितली असती, तर सुटका होती. पण अनेकांनी सरळ नागपूरची वाट धरली आणि नागपूर विद्यापीठानं त्यांना प्रवेश दिला. पुढे १९९१ मध्ये पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही या चळवळीमुळे नागपूरला शिकायला गेलेल्यांपैकी एक.

ही मुलं थांबली का? नाही. स्टेट काँग्रेसवरची बंदी १९४६ मध्ये उठली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारत सरकारची पोलीस कारवाई सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निझामानं शरणागती पत्करली. म्हणूनच तुमच्या शाळेतलं ते झेंडावंदन!

तर आता ते वाक्य असं लिहू : ‘द निझाम ट्राइड टु सप्रेस द मूव्हमेंट, बट ही कुड नॉट स्टॉप इट.’ निझामानं चळवळ दडपायचा प्रयत्न केला, पण ती त्याला थांबवता आली नाही. दोन क्रियापदं नीट निवडली आणि त्या मुलांना त्यांचा मान परत मिळाला. चुकीच्या शब्दानं आपण त्यांना उगाचच हरवलं होतं!

या आठवड्याचा खुराक (गाळलेला शब्द भरा)

१. आय कुड नॉट —— माय लाफ्टर इन द लायब्ररी.
२. हेल्मेट्स कॅन —— हेड इंज्युरीज.
३. टू मेन हेल्ड द रोप टु —— द बुल.
४. यू मस्ट —— युवर अँगर.

आधी स्वतः सोडवा, मगच खाली बघा. बघायचा मोह होतोय? मग जरा ‘रिस्ट्रेन युवरसेल्फ!’

उत्तरं : १. सप्रेस २. प्रिव्हेंट ३. रिस्ट्रेन ४. कर्ब