आमचा मस्टर हायवेच्या कडेला भरतो



हल्ली सायकलीवर लोकांचं भलतंच प्रेम जडलंय. ३ जून हा जागतिक सायकल दिन, युनोनं २०१८ साली ठरवून दिलेला. त्या दिवशी सकाळी सहाला पांढरपेशी मंडळी रस्त्यावर उतरतात. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर काळा चष्मा, अंगाला चिकटलेले कपडे, आणि बुडाखाली तीस-चाळीस हजारांची सायकल. पर्यावरण वाचवतात, पोट कमी करतात, फोटो काढतात. त्याच सकाळी, त्याच रस्त्यानं, हँडलला डबा लटकवून पाळीला जाणारा माणूस त्यांच्या फोटोत येत नाही. तो पर्यावरण वाचवत नसतो. तो रिक्षाचं भाडं वाचवत असतो. त्याला पोटच नसतं, कमी काय करणार?

मला बोलायचंय ते ह्या डबेवाल्या सायकलीबद्दल.

मी मॅट्रिक. आज मुंबईच्या गोदीत कंत्राटदाराच्या हाताखाली माल चढवतो-उतरवतो, रात्री जागलो तर कविता लिहितो. गोदीत यायच्या आधी चार वर्षं जळगावला एमआयडीसीत डाळमिलची पोती वाहिली. घर पिंप्राळ्याला, काम अजिंठा चौफुलीच्या पलीकडं. म्हणजे अख्खं शहर आरपार कापायचं. मधे हायवे. जुना सहा नंबरचा, आता त्याला त्रेपन्न नंबर म्हणतात. नंबर बदलला, ट्रक तेच. आकाशवाणी चौक, इच्छादेवी, अजिंठा चौफुली, ही नावं जळगावकराला सांगावी लागत नाहीत. समांतर रस्ते द्या म्हणून ह्या गावानं किती आरडाओरड केली, तीही सांगायला नको.

ह्या हायवेच्या पांढऱ्या पट्टीबाहेर दीड हात जागा उरते. खडी, काच, मेलेलं कुत्रं, पावसाळ्यात चिखल. ती दीड हात जागा म्हणजे आमचं गाव. पहाटे साडेपाचला ते जागं व्हायचं. समतानगरचा, हरिविठ्ठलचा, तांब्यापुऱ्याचा, जो तो आपापल्या गल्लीतून येऊन एका ओळीत लागायचा. चटईच्या कारखान्यातला, पाइपच्या कंपनीतला, डाळमिलचा हमाल, रात्रपाळीचा वॉचमन परतीच्या वाटेवर. कोणी 'जय भीम' घालायचा, कोणी सलाम, कोणी नुसतं 'काय रे भो'. पुढचा खड्डा पाहून हात हलवायचा, मागचा समजायचा. मागून ट्रक आला की शेवटचा शीळ मारायचा, अख्खी ओळ डावीकडं सरकायची. ही शीळ कुणी शिकवली नाही. जीव वाचवायच्या गोष्टी आपोआप शिकतात माणसं.

चेन उतरली तर दोघं थांबायचे. पंक्चर झाली तर एकाच्या कॅरिअरवर माणूस बसायचा आणि त्याच्या सायकलीचं हँडल दुसऱ्यानं एका हातानं धरून न्यायचं. 'बठ मांगे' एवढाच करार. हवा भरायचा पंप वीस जणांत एक, पान्हा वीस जणांत एक, सोल्युशनची ट्यूब पाळीपाळीनं विकत घ्यायची. उन्हाळ्यात, जळगावचा पारा पंचेचाळिशीच्या वर जातो तेव्हा, दुपारच्या पाळीला जाताना ओला गमछा आणि पाण्याची बाटली हातोहात फिरायची. बाटलीला तोंड लावून प्यालो आम्ही, वरून ओतून नाही. ज्यांना पाण्याचा इतिहास ठाऊक आहे त्यांना ह्याचा अर्थ सांगायला नको.

धुळ्याला मामाकडं राहायचो तेव्हाही हेच पाहिलं. देवपुरातून पांझरेचा पूल ओलांडून येणारे, मोहाडीचे, मुंबई-आग्रा रस्त्यानं अवधानच्या एमआयडीसीकडं निघालेले. आणि यंत्रमागावरून रात्रभर जागून घरी चाललेले मोमीन कारागीर, कानात अजून मागाचा खडखडाट घेऊन. पाळ्या उलट्या, वाट एक. मामाची चेन तुटली की तोडा घालून देणारा पंक्चरवाला मुसलमान. आज 'पंक्चरवाला' ही शिवी झालीय. शिवी देणाऱ्यानं एकदा अवधानच्या रस्त्यावर भर बारा वाजता पंक्चर सायकल ढकलून बघावी. मग कोणाचे पाय धरायचे ते त्याला कळेल.

आता कोणी म्हणेल, एवढ्या प्रेमानं लिहितोस, म्हणजे गरिबीचं कौतुक चालवलंयस. नाही. सायकल आम्ही निवडलेली नाही. २०११ च्या जनगणनेत सरकारनं विचारलं, शेती आणि घरगुती उद्योग सोडून बाकीचे कामगार कामावर जातात कसे? शंभरातले बावीस-तेवीस पायी, तेरा सायकलवर. मोटारीतून जाणारे तीनसुद्धा भरले नाहीत. आणि रस्ता कोणासाठी बांधतात? त्या तिघांसाठी. जळगावचा शिवाजीनगरचा जुना पूल पाडला तेव्हा नवा होईस्तोवर फेऱ्याचा हिशेब मोटारवाल्यांनी पेट्रोलात केला. सायकलवाल्यानं मांड्यांत केला.

आणि आपल्या माणसाला वाहन ही गोष्ट कधी साधी नव्हतीच. आपल्याच जिल्ह्यातलं चाळीसगाव. साल १९२९. बाबासाहेब सरकारी कमिटीच्या कामानं खानदेशात आलेले. धुळ्याच्या बाजूचं एका गावातलं बहिष्काराचं प्रकरण पाहून ते चाळीसगावला उतरले. वस्तीतल्या लोकांनी आग्रह केला, रात्री आमच्याकडं राहा. स्टेशनवर टांगे उभे होते. पण महाराला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. बॅरिस्टर असला म्हणून काय झालं? शेवटी तोड निघाली. टांगा भाड्यानं देतो, हाकणारा तुमचा आणा. वस्तीतला एक जण बसला, त्याला हाकायची सवय नाही. नदीवरच्या मोरीवर चाक दगडांत अडकलं, घोडा आणि टांगा खाली नदीत, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले. पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी स्वतः हे लिहून ठेवलंय.

म्हणून सांगतो, सायकल हे आपल्या हाती आलेलं पहिलं वाहन, ज्याला दुसऱ्या जातीचा हाकणारा लागत नाही. म्हातारी माणसं सांगतात, गावात वाड्यापुढून जाताना सायकलीवरून उतरावं लागायचं. त्यांना सायकलीची भीती नव्हती. खाली बघून चालणारा माणूस सीटवर बसला की त्याची मान आपोआप वर होते, त्या मानेची भीती होती. कांशीरामांना हे कळलेलं होतं. पुण्याच्या सरकारी प्रयोगशाळेतली नोकरी सोडून आलेला हा माणूस. १९८३ च्या मार्चमध्ये दिल्लीहून शंभरेक सायकली घेऊन निघाला. चाळीस दिवस, सात राज्यं. पुढच्या वर्षी पक्ष काढला. पैसेवाल्यांच्या पक्षांकडं हेलिकॉप्टर होतं, ह्यांच्याकडं दोन पाय आणि दोन चाकं.

२०२० चा लॉकडाऊन आठवा. धुळ्याच्या बायपासवर उभं राहून मी मे महिना पाहिला. मुंबई, भिवंडी, नाशिककडून सायकलींच्या रांगा, कॅरिअरवर बोचकं, दांडीवर पोरगं. उत्तर प्रदेश, बिहार गाठायचं म्हणत होते. त्याच महिन्यात पंधरा वर्षांची ज्योतीकुमारी, आपल्यातलीच, आजारी बापाला मागं बसवून गुडगावहून दरभंग्याला गेली. बाराशे किलोमीटर. देशानं टाळ्या वाजवल्या. रेल्वे का दिली नाही, हे टाळ्यांच्या आवाजात बुडालं. आणि ३ जून २०२० ला, नेमक्या सायकल दिनाच्याच दिवशी, ॲटलासच्या साहिबाबादच्या कारखान्यानं कामगारांना ले-ऑफची नोटीस लावली. ज्यांनी देशाला सायकली दिल्या त्यांनाच गेटवरून परत पाठवलं.

आता मुद्द्याचं.

आमच्या ओळीतला एक सोबती. नाव सांगत नाही, त्याची बायको-पोरं आहेत. रात्रपाळी करून येताना ट्रकनं उडवला. जागीच गेला. डबा पन्नास फुटांवर सापडला. आम्ही कारखान्याच्या गेटवर गेलो. कारखाना म्हणाला, कंत्राटदाराला विचारा. कंत्राटदार म्हणाला, हा माझ्याकडं नव्हताच. मस्टरवर नाव नाही. चार वर्षं ज्यानं पोती वाहिली, तो मेल्यावर कधी कामावरच नव्हता!

कायदा आंधळा नाही, दोस्तहो. २०१० साली ईएसआयच्या कायद्यात ५१-ई कलम आलं. घरून कामावर जाताना आणि कामावरून घरी येताना झालेला अपघात हा कामावरचाच अपघात, वाट आणि वेळ कामाशी जुळली म्हणजे झालं. जिथं ईएसआय नव्हतं तिथं १९२३ चा भरपाईचा कायदा होता. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात साखर कारखान्याचा एक रखवालदार २००३ साली पहाटे तीनच्या पाळीला जाताना अपघातात गेला. त्याच्या घरच्यांची भरपाई हायकोर्टात नामंजूर झाली. सुप्रीम कोर्टानं ती परत दिली जुलै २०२५ मध्ये, आणि म्हटलं की १९२३ च्या कायद्यालाही हाच अर्थ लागू. बावीस वर्षं लागली. पण त्या माणसाची नोकरी कागदावर होती. आपल्याकडं १९६९ पासून माथाडी कायदा आहे, पण त्याचीही सुरुवात नोंदणीपासूनच होते. आपलं नाव कुठंच नाही. कायदा हक्क देतो तो कागदावरच्या माणसाला. आपण रस्त्यावरची माणसं.

मग रस्त्यावरच कागद करू या. आपण रोज कोणाबरोबर जातो, कोण कुठल्या गेटात वळतो, कोण आज आला नाही, हे आपल्या ओळीला मालकापेक्षा जास्त ठाऊक असतं. आपली दोस्ती हाच आपला मस्टर. तो फक्त लिहिलेला नाही.

हे विशेष बोलायचं कारण म्हणजे ओळ तुटत चाललीय. पहिला पगार झाला की पोरगं हप्त्यावर मोटरसायकल उचलतं. त्याला दोष नाही. पेट्रोल शंभरीपार असताना त्याला तरी हौस थोडीच? सायकलवाल्याला पोरगी देत नाहीत, गेटवरचा वॉचमन 'ए' म्हणतो. पण हप्तेवाला ओव्हरटाइम नाकारू शकत नाही, संपात उभा राहू शकत नाही, आणि खड्डा दाखवायला थांबत नाही. मोटरसायकल घ्या, खुशाल घ्या. ओळ सोडू नका.

तर कामाला लागा. प्रत्येक ओळीनं एक चाळीसपानी वही घ्यावी. नाव, वस्ती, कुठल्या कारखान्यात, कुठला कंत्राटदार, कुठली पाळी, घरच्या माणसाचा फोन. वही पंक्चरवाल्याच्या दुकानात राहील, तो सगळ्यांना ओळखतो. दर पगाराला दोन सोबत्यांनी साक्षीची सही करायची. मोबाइल आहे ना हातात? महिन्यातून एकदा गेटसमोर सगळ्यांचा फोटो, तारखेसह. ही वही काही सरकारी मस्टर नव्हे, पण कोर्टात, माथाडी बोर्डात, कामगार ऑफिसात 'हा आमच्याकडं नव्हताच' म्हणणाऱ्यासमोर वीस सह्या तरी पडतील. आणि मग तीच वही घेऊन महापालिकेत जायचं. एमआयडीसीपर्यंत सायकलीची वेगळी वाट, तिच्यावर दिवे, गेटात सायकल स्टँड. मागायचं ते मोजून दाखवून मागायचं.

३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर भीमस्मृती यात्रा भरते. बाबासाहेब त्या बंगल्यात राहून गेले म्हणून. धुळ्याच्या दोस्तांनो, ह्या वेळी सायकलीनं जा, अवधानच्या गेटांसमोरून. वह्या सोबत घ्या. कोऱ्या नेऊ नका.