फॉरमॅट मारण्याआधी ‘एम’ दाबून बघा!

ऑनलाइन इंटरव्ह्यू सुरू झालाय. स्क्रीनवर मॅडमचे ओठ हलताहेत, पण तुम्हाला एक अक्षर ऐकू येत नाहीये. तुम्ही हेडफोन काढता, घालता, परत काढता. चॅटमध्ये ‘वन मिनिट मॅम’ टाइप करता. मागून रूममेट ओरडतो, “अरे, रीस्टार्ट मार ना!” तेही करून होतं. आवाज नाही तो नाहीच. शेवटी रूममेटच्याच फोनवरून इंटरव्ह्यू कसाबसा उरकता आणि संध्याकाळी लॅपटॉप बॅगेत टाकून रिपेअरिंगचं दुकान गाठता.

तिथे साधारण दोनच निकाल लागतात. पहिला, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ दुसरा, ‘साउंड कार्ड गेलंय. ते बोर्डवरच असतं, बोर्ड बदलावा लागेल.’ पहिल्यात डेटा जातो, दुसऱ्यात मेसचे पैसे.

माझं म्हणणं एवढंच आहे की, लॅपटॉप गप्प झाला म्हणजे तो बिघडलाच असं नसतं. पुष्कळदा त्याला कुणीतरी गप्प बसवलेलं असतं आणि हे ‘कुणीतरी’ म्हणजे सेटिंगमधला एखादा खटका असतो. तो शोधायला इंजिनीअर असावं लागत नाही, बीए-बीकॉमवाल्यांनाही आरामात जमतं. पण आपण शोधतच नाही. थेट फॉरमॅट, थेट दुकान, थेट बाबांना फोन, ‘नवीन लॅपटॉप घ्यावा लागेल.’ या सवयीबद्दल मला बोलायचंय.

आणि आत्ताच बोलायचंय, कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि ठरावीक प्रोसेसर लागतात. त्यामुळे व्यवस्थित चालणारे कितीतरी लॅपटॉप त्यात बसतच नाहीत. दादा-ताईकडून आलेला किंवा सेकंडहँड घेतलेला लॅपटॉप वापरणारे आपल्यात काही कमी नाहीत. मग कुणीतरी सुचवतं, ‘लिनक्स टाक, मख्खन चालतो.’ उबुंटू किंवा मिंट पडतं, वायफाय लागतं, ब्राउझर पळतो आणि आवाज मात्र गायब! झालं, लगेच शिक्का बसतो, ‘लिनक्स बेकार आहे.’

साउंडवाला दादा काय करतो?

गॅदरिंगला किंवा एकांकिकेच्या प्रयोगाला साउंडवाल्या दादाकडे कधी नीट बघितलंय? ऐन वेळी माइक बंद पडला तर तो ‘नवीन माइक आणा’ असं म्हणत नाही. तो वायर धरून चालत जातो. माइकची वायर मिक्सरला लागलीये का, त्या चॅनेलची दांडी वर आहे का, म्यूटचं बटण दाबलं गेलंय का, मिक्सरमधून पुढे ॲम्प्लिफायरला आवाज जातोय का आणि शेवटी स्पीकर. एकेक टप्पा. यातला एक जरी बंद असेल तरी हॉलभर शांतता.

तुमच्या लॅपटॉपमध्ये हाच सगळा सेटअप छोट्या रूपात बसवलेला आहे. गाणं म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी नुसते आकडे, बहुधा सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,०००. या आकड्यांची विजेची लहर करते ती ऑडिओ चिप, म्हणजे आपण ज्याला साउंड कार्ड म्हणतो ते. ऑपरेटिंग सिस्टिमच्या वतीने त्या चिपशी बोलतो तो ड्रायव्हर. आणि कुठला आवाज, किती, कुठून सोडायचा हे जिथे ठरतं तो मिक्सर. चटणीचा नव्हे, दांड्यांचा!

लिनक्सवर हे तळाचं काम ‘अल्सा’ बघतं. यारोस्लाव्ह किसेला या चेक प्रोग्रामरच्या पुढाकाराने १९९८ मध्ये, ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड नावाच्या एका साउंड कार्डाच्या ड्रायव्हरमधून हा प्रकल्प उभा राहिला. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या लिनक्स २.६ पासून तो कर्नेलमधली मुख्य साउंड सिस्टिम झाला. अल्साच्या वर आणखी एक थर असतो, आधी पल्सऑडिओ होता आणि आता बऱ्याच ठिकाणी पाइपवायर आहे. स्क्रीनच्या कोपऱ्यातला स्पीकरचा आयकॉन या वरच्या थराशी बोलतो. म्हणूनच कधीकधी गंमत होते. आयकॉन छातीठोकपणे सांगतो, ‘व्हॉल्यूम १००’ आणि खाली अल्सामध्ये एखादा चॅनेल म्यूट पडलेला असतो. माळ्यावरून कितीही ओरडा, तळमजल्याचं दार बंद!

त्यात अल्साची जुनी पद्धत अशी की, नव्या कार्डाचे चॅनेल सुरुवातीला म्यूटच ठेवायचे. आता बहुतेक डिस्ट्रो इन्स्टॉल होताना ते उघडून देतात. तरी एखादा राहतोच.

चार प्रश्न विचारा

पहिला प्रश्न, कार्ड दिसतंय का? टर्मिनल उघडा आणि ‘एप्ले’, मग स्पेस, डॅश, एल, असं स्मॉल लेटर्समध्ये टाइप करा. कार्डांची यादी आली तर अर्धी चिंता मिटली. चिप जिवंत आहे, ड्रायव्हर तिच्याशी बोलतोय आणि ‘बोर्ड गेला’ म्हणण्याची घाई करायचं कारण नाही. यादीच रिकामी असेल तर प्रश्न ड्रायव्हरचा असू शकतो. इंटेलच्या अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपना ‘साउंड ओपन फर्मवेअर’ नावाचं पॅकेज लागतं. ते नसेल तर चिप जागीच होत नाही. आपल्या डिस्ट्रोच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये ते शोधून टाकायचं, एवढंच काम.

दुसरा प्रश्न, आवाज भलतीकडे तर जात नाहीये? यादीत बऱ्याचदा एचडीएमआयचंही नाव दिसतं. सेमिनारला लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला, प्रेझेंटेशन झालं, वायर काढली आणि तेव्हापासून आवाज नाही, असं झालं असेल तर संशयित सापडला. लॅपटॉप अजून त्या प्रोजेक्टरलाच गाणी ऐकवतोय. साउंड सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट बदला.

तिसरा प्रश्न, मिक्सरमध्ये कोण गप्प आहे? टर्मिनलमध्ये ‘अल्सामिक्सर’ हा एकच शब्द टाइप करा. उभ्या दांड्यांची एक जुनाट स्क्रीन उघडेल. घाबरू नका, हाच तुमचा साउंडवाल्याचा मिक्सर. आधी एफ सिक्स दाबून खरं कार्ड निवडा, कारण पहिल्यांदा बऱ्याचदा पाइपवायरची एकच दांडी दिसते. मग मास्टर, स्पीकर, हेडफोन, पीसीएम अशा दांड्या समोर येतील. दांडीखाली ‘एमएम’ लिहिलेलं असेल तर तो चॅनेल म्यूट आहे. डाव्या-उजव्या बाणाने तिथे जा आणि ‘एम’ दाबा. वरच्या बाणाने आवाज वाढवा. मास्टर शंभरवर आणि स्पीकर शून्यावर असेल तरी काही ऐकू येणार नाही, तेव्हा एकच दांडी बघून थांबू नका.

चौथा प्रश्न, लॅपटॉपला हेडफोन लावलाय असं उगाच वाटतंय का? याच स्क्रीनवर बऱ्याच मशिनमध्ये ‘ऑटो-म्यूट मोड’ असतो. हेडफोन घातला की स्पीकर बंद करायचा, हे त्याचं काम. पण जॅकमध्ये धूळ साचली किंवा आतली पट्टी अडकली की लॅपटॉप समजतो हेडफोन लागलेलाच आहे आणि स्पीकर कायमचा गप्प. हा मोड ‘डिसेबल्ड’ करून बघा. बदल रीस्टार्टनंतर टिकत नसतील तर सुडो लावून ‘अल्सासीटीएल स्टोअर’ ही कमांड द्या, सेटिंग जपून ठेवली जाते.

माइकचंही तसंच. अल्सामिक्सरमध्ये एफ फोर दाबलं की रेकॉर्डिंगच्या दांड्या येतात. ‘कॅप्चर’वर जाऊन स्पेसबार दाबला की माइक चालू किंवा बंद होतो. आणि ‘माइक बूस्ट’ दिसला म्हणून तो फुल करू नका. बूस्ट तुमच्या आवाजाबरोबर पंख्याची घरघर आणि सर्किटची खरखरही तेवढीच फुगवतो. बूस्ट खाली ठेवा, कॅप्चर वाढवा आणि माइक तोंडाजवळ आणा. समोरच्याला तुम्ही आत्मविश्वासाने बोलताय की विहिरीतून, हे तिथे ठरतं.

विंडोजवाल्यांनो, तुम्हीही सुटला नाहीत. तुमच्याकडेही आउटपुट डिव्हाइस चुकतं. तुमच्याकडेही व्हॉल्यूम मिक्सरमध्ये प्रत्येक ॲपची वेगळी दांडी असते आणि मीटिंगचं ॲप नेमकं शून्यावर असतं. अपडेटनंतर आवाज गेला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून जुना ड्रायव्हर परत आणता येतो का, तेही बघा.

‘एवढं कुणी करत बसायचं?’

हा प्रश्न येणारच, आणि तो चुकीचा नाही. उद्या सबमिशन असेल तर आज टर्मिनलशी झुंजत बसू नका, वीस-तीस मिनिटांत नाही जमलं तर युएसबीचा हेडसेट लावा आणि पुढे चला. त्यात स्वतःची ऑडिओ चिप असते, त्यामुळे लॅपटॉपची चिप रुसली तरी काम होतं. खरंच बिघडलेलं हार्डवेअरही असतं. स्पीकर फाटतो, जॅक तुटतो, पाणी सांडतं. तिथे दुकानच हवं आणि चांगला कारागीर भेटला तर त्याचे पैसे आनंदाने द्यावेत. पण ‘हेडफोनला आवाज येतोय, स्पीकरला नाही, ऑटो-म्यूट काढून बघितलंय’ असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला लगेच बोर्ड बदलायला सांगणं अवघड जातं.

आणखी एक. नेटवर सापडलेली सुडोवाली लांबलचक कमांड कळल्याशिवाय पेस्ट करू नका. तोही ‘फॉरमॅट मार’चाच भाऊ आहे. काय बदलतोय हे माहीत नसताना बदलत सुटणं, हेच तर सोडायचंय.

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. कॉम्प्युटरवाल्या आपल्याच मित्रमैत्रिणींनी ऑपरेटिंग सिस्टिमचा पेपर दिलेला असतो. ‘डिव्हाइस ड्रायव्हर म्हणजे काय?’ याचं उत्तर पाठ असतं. लिनक्सच्या कमांड्स जर्नलमध्ये सुबक अक्षरात उतरवलेल्या असतात, आउटपुटसकट, तेही पुढच्या बेंचवरून. सही होते, ओरल होते. आणि त्याच आठवड्यात स्वतःच्या लॅपटॉपचा आवाज गेला की हा पठ्ठ्या दुकानाच्या रांगेत! ज्या ड्रायव्हरची व्याख्या लिहून मार्क मिळवले तो आपल्या मांडीवरच्या मशिनमध्ये चालतोय, हे त्याच्या डोक्यातच येत नाही. दोष एकट्या त्याचा नाही. प्रॅक्टिकलच्या एका बॅचला मुद्दाम म्यूट केलेले पीसी देऊन ‘आवाज आणा’ एवढंच सांगितलं असतं, तर ते जर्नल कुणी कॉपी करू शकलं असतं का? सर-मॅडम हा पुरवणी वाचत असतील तर ही विनंती समजा.

शिकायला पैसे लागत नाहीत. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे छोटे धडे मराठी आवाजातही आहेत. फक्त ते ऐकायला आधी लॅपटॉपचा आवाज चालू हवा!

आणि समजा सगळं करूनही आवाज आला नाही, तरी तुमचा वेळ वाया गेलेला नाही. कंपन्या तीच चिप प्रत्येक मॉडेलमध्ये वेगवेगळ्या पद्धतीने जोडतात. म्हणून लिनक्सच्या ऑडिओ ड्रायव्हरमध्ये ‘या मॉडेलला अशी दुरुस्ती’ अशी लांबच लांब यादी आहे. आपल्या मशिनचा आवाज गेल्यावर नीट कळवणाऱ्या माणसांमुळे ती वाढत गेली. ‘अल्सा-इन्फो’ नावाची स्क्रिप्ट चिपपासून मिक्सरपर्यंतची सगळी माहिती एका फाइलमध्ये गोळा करून देते. ती जोडून रीतसर बग रिपोर्ट करता येतो. उद्या त्या यादीत तुमच्या मॉडेलची ओळ आली तर तोच सेकंडहँड लॅपटॉप घेतलेल्या कुणाला तरी इंटरव्ह्यूत ‘वन मिनिट मॅम’ टाइप करावं लागणार नाही.

तेव्हा पुढच्या वेळी लॅपटॉप गप्प झाला की बॅग उचलण्याआधी मिक्सर उघडा. ‘एमएम’ दिसतंय? मग ‘एम’ दाबा.