मालकाचा आवाज, कुणाची मेहनत?

एचएमव्ही म्हटले की रेकॉर्डवरचा, मालकाचा आवाज ऐकत बसलेला कुत्रा आठवतो. त्याच नावाची ब्रिटनमधली दुकानांची साखळी जानेवारी २०१३ मध्ये डबघाईला येऊन प्रशासकांच्या हाती गेली. ३१ जानेवारीला मुख्य कचेरी आणि गोदामांतल्या १९० जणांच्या नोकऱ्या गेल्या.

त्या दिवशी कंपनीच्याच ट्विटर खात्यावरून एका तरुण कर्मचारी स्त्रीने जगाला कळवले : साठाहून अधिक निष्ठावान माणसांना इथे एकदम काढताहेत. मार्केटिंगचे प्रमुख विचारताहेत, हे ट्विटर बंद कसे करायचे? हे खाते एका बिनपगारी उमेदवाराने उघडले होते, हेही तिने लिहिले.

याला गद्दारी म्हणणाऱ्यांना मी विचारते, गद्दारी कुणाशी? खाते मुकाट चालले होते तोवर तो पोरखेळ होता, फुकटात करून घ्यायचा. उलट बोलले तेव्हा ती एकदम कंपनीची मालमत्ता झाली! घरकामाबाबत आपण हाच न्याय रोज भोगतो.

आपल्यावर संसाराचा, घराच्या कर्जाचा बोजा नाही म्हणून आपण बोललो, असे तिने नंतर सांगितले. मग जिच्यावर बोजा आहे तिने काय गप्प बसायचे? बोलणे एकटीच्या धाडसावर सोडून चालणार नाही. कपातीआधी कामगारांशी चर्चा आणि बोलणारीला संरक्षण, या दोन्ही गोष्टी युनियनच्या करारात आल्याच पाहिजेत. ही मागणी आपणच लावून धरू या.