विहिरीत उतरण्याआधी तळाची हवा तपासा



होळी मागे पडली की विहिरी तळ गाठतात. मग कोणी गाळ काढायला घेतो, कोणी एक-दोन परस खोली वाढवतो, कोणी आडवे बोअर मारून बघतो. यारी, दोर, टोपल्या, मजूर, सुरुंगवाला, डिझेल, सगळ्याचा हिशेब जुळवला जातो. एका गोष्टीचा हिशेब मात्र कोणी करत नाही. विहिरीच्या तळाला माणसाने श्वास घ्यावा अशी हवा आहे का?

प्रश्न पोरकट वाटेल. हवा काय, सगळीकडेच असते. पण अलीकडच्या तीन बातम्या शेजारी शेजारी ठेवून बघा.

९ एप्रिल २०२४, गुढीपाडव्याचा दिवस. नेवासा तालुक्यातील वाकडी गावात शेण-स्लरी साठवण्यासाठी वापरात असलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. ते काढायला एक जण उतरला, तो वर आला नाही. त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. सहा जण उतरले, पाच गेले. जो वाचला त्याच्या कमरेला दोर होता. त्याच वर्षी ५ जुलैला छत्तीसगडच्या जांजगीर-चांपा जिल्ह्यात किकिरदा गावी विहिरीत पडलेले लाकूड काढताना पाच जण दगावले. ३ एप्रिल २०२५ रोजी मध्य प्रदेशात खंडवा जिल्ह्यातील कोंडावत गावी गणगौर विसर्जनासाठी विहीर साफ करताना आठ जण गेले. तिन्ही ठिकाणची गोष्ट एकच. आधी उतरलेला बेशुद्ध पडला आणि त्याला वाचवायला गेलेले त्याच्याच वाटेने गेले.

या बातम्यांत ‘विषारी वायू’ हा शब्द असतो. तो खोटा नाही, पण अर्धा आहे. पुष्कळदा तळाशी वेगळे विष असण्याची गरजच नसते. प्राणवायू संपलेला असतो, एवढे पुरे होते.

आपण श्वासात घेतो त्या हवेत प्राणवायू म्हणजे ऑक्सिजन सुमारे २१ टक्के. पाचात एक भाग म्हणा. बाकी बहुतेक नत्रवायू. ऑक्सिजन हे मूलद्रव्य आहे. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो स्वतः जळत नाही, पण त्याच्यावाचून काही जळत नाही. पाण्यात वजनाने नऊ भागांत आठ भाग तोच असतो, मात्र तो हायड्रोजनशी बांधलेला, त्यावर माणूस श्वास घेऊ शकत नाही. प्रिस्टले नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १७७१ साली बंद भांड्यात मेणबत्ती विझू दिली, त्याच हवेत पुदिन्याचे रोप ठेवले आणि काही दिवसांनी मेणबत्ती त्या हवेत पुन्हा जळली. पुढे १७७४ साली त्याने पाऱ्याची लाल राख तापवून हा वायू वेगळा केला. स्वीडनच्या शेलेलाही तो स्वतंत्रपणे सापडला होता. मेणबत्तीचा हा खेळ लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता विहिरीकडे वळू. कठड्यापासून तळापर्यंत हवा फारशी हलत नाही. तळाशी पालापाचोळा, गाळ, मेलेले उंदीर, कधी शेण. ते कुजवणारे जिवाणूही प्राणवायूच खातात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड असल्याने हौदात पाणी बसावे तसा तळाला बसतो. विहिरीच्या भिंतीतल्या मातीचा श्वासही तिकडेच येतो. आभाळ भरून आले आणि हवेचा दाब उतरला की मातीच्या पोकळ्यांतला वायू विहिरीत झिरपतो. त्यामुळे काल सहज उतरलो होतो, आज काय होणार, हा हिशेब चालत नाही. काल आणि आज यांत एका ढगाचा फरक असू शकतो.

कृषी पदविकेला असताना आम्हाला वाफसा शिकवला. तुम्हाला तो शिकवावा लागत नाही, मूठभर माती दाबून तुम्ही सांगता. वाफसा म्हणजे मातीच्या पोकळीत साधारण निम्मे पाणी, निम्मी हवा. तूर किंवा सोयाबीन दोन-तीन दिवस पाण्यात उभे राहिले की पिवळे पडते, त्याला आपण ‘मुळी गुदमरली’ म्हणतो. बरोबरच म्हणतो. पाणी जास्त झाले हे खरे दुखणे नव्हे, मुळीला प्राणवायू मिळेना हे दुखणे. भात तगतो, कारण त्याच्या खोडात पोकळ नळ्या असतात आणि वरची हवा मुळीपर्यंत जाते. शेततळ्यात मासे सोडले असतील तर ढगाळ दिवसानंतर पहाटे ते पाण्यावर तोंड काढताना दिसतात. रात्रभर शेवाळ आणि मासे दोघांनीही पाण्यातला विरघळलेला प्राणवायू वापरलेला असतो. पीक पिवळे पडून सांगते, मासा तोंड वर काढून सांगतो. माणसाची मात्र पंचाईत आहे. धाप लागते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. नुसता प्राणवायू कमी असेल तर जीव घाबराघुबरा होण्याआधीच पाय गळतात. हवा अगदीच प्राणवायूविना असेल तर दोन-चार श्वासांत शुद्ध जाते. ओरडायलाही वेळ मिळत नाही. म्हणूनच वरच्या माणसाला वाटते की खालचा घसरला असेल, आणि तो उतरतो.

जुन्या माणसांना हे प्रकरण ठाऊक होते. सांगलीजवळ हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत. तोंड बंद केले की आतला प्राणवायू संपतो, किडा जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षे टिकते. २००५ च्या महापुरात यातली बरीच पेवे बाद झाली. पेव उघडले की हमाल लगेच उतरत नसत. काही तास तोंड उघडे ठेवायचे, मग दोराला कंदील बांधून तळापर्यंत सोडायचा. ज्योत विझली तर थांबायचे. प्रिस्टलेचीच मेणबत्ती ही. ज्योत साधारण १६ टक्क्यांच्या आसपास विझते. आपण सोडलेल्या उच्छ्वासात जेवढा प्राणवायू उरतो, जवळजवळ तेवढाच.

तेव्हा साध्या पाण्याच्या विहिरीसाठी कंदिलाची रीत आजही कामाची आहे. पण तिला दोन मर्यादा आहेत आणि त्या स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. एक म्हणजे कंदील जळत राहिला तरी विषारी वायू नाही, असे सिद्ध होत नाही. शेण कुजते तिथे हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असेल तर सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होते आणि वास गेला असे वाटते. वास येईनासा झाला म्हणून धोका टळला असे समजणारा माणूस तिथेच फसतो. दुसरी मर्यादा त्याहून मोठी. गोबरगॅसची टाकी, स्लरीचा खड्डा, सेप्टिक टँक, शेण साठवलेली विहीर अशा ठिकाणी मिथेन असतो. तिथे कंदील, काडेपेटी, बिडी नेली तर भडका उडेल. तिथे ज्योतीची परीक्षा करायचीच नाही आणि माणूसही उतरवायचा नाही. मांजर पडो की हजार रुपयांची बादली पडो, गळ टाकून वर काढता आली तर काढा.

इंजिनाचेही बोलले पाहिजे. पाणी खोल गेले म्हणून डिझेल किंवा पेट्रोलचे इंजिन विहिरीत उतरवून चालवतात. ते इंजिन तुमच्याच वाटणीचा प्राणवायू ओढते आणि कार्बन मोनॉक्साइड सोडते. याला वास नाही, रंग नाही. तो रक्ताला असा चिकटतो की रक्त प्राणवायू वाहून न्यायचे विसरते. इंजिन वरच ठेवा. ओढ कमी पडते म्हणाल, तर पाणबुडी मोटर सोडा. सुरुंग उडवल्यानंतरही धूर दिसेनासा झाला म्हणजे वायू गेला असे नाही. दगड उपसायची घाई यारीवाल्याला असते, कारण त्याचा रोज चालू असतो. उतरणाऱ्याला घाई नसावी.

हवा बदलायची कशी? जुनी रीत म्हणजे कडुनिंबाच्या फांद्यांचा मोठा भारा दोराला बांधून बराच वेळ वरखाली करायचा. काही ठिकाणी वरून पाण्याचा फवारा मारतात. दोन्हींनी हवा ढवळते, पण खोल विहिरीला ते पुरत नाही. यापेक्षा उफणणीच्या पंख्याची हवा ताडपत्रीच्या नळीतून तळापर्यंत नेणे चांगले. बोअर मारायला आलेला ट्रॅक्टर-कंप्रेसर असेल तर त्याची नळी तळाला सोडून अर्धा-पाऊण तास हवा मारा. ट्रॅक्टर मात्र कठड्यापासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभा करा, नाहीतर त्याचाच धूर आत जाईल. हवा मारून झाल्यावर पुन्हा कंदील सोडा, आणि माणूस आत असेपर्यंत हवा चालूच ठेवा. वेल्डिंगच्या दुकानातला ऑक्सिजन सिलिंडर आणून विहिरीत सोडायची कल्पना काहींना सुचते. तसे करू नका. प्राणवायू जास्त झाला की कपडा, तेल, ग्रीस ठिणगीसरशी पेटते.

आणि दोर. उतरणाऱ्याच्या छातीभोवती दोर, दुसरे टोक वर दोन धडधाकट माणसांच्या हातात. दर मिनिटाला हाक मारायची. उत्तर आले नाही की ओढायचे, खाली डोकावत बसायचे नाही. दोर न बांधता उतरलेला माणूस आत पडला असेल तर कितीही जवळचा असला तरी मागे उतरू नका. आधी हवा मारा, ११२ किंवा १०८ ला फोन करा, अग्निशमनवाल्यांना श्वसनाच्या साधनांसह बोलवा. नाकाला ओला रुमाल बांधून काही होत नाही. रुमाल धूळ अडवेल, नसलेला प्राणवायू तो आणणार कुठून? हे लिहायला सोपे आहे, भाऊ डोळ्यांदेखत पडला असताना पाळायला महाकठीण. म्हणून ते आधीच, घरात बसून, सगळ्यांनी मिळून ठरवायला हवे.

आता सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत अधिकारी मंडळींशी थोडे. (जुन्या सवयीने आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो.) सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असते, भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पाणीपातळी मोजते, रोजगार हमीच्या विहिरीची लांबी-रुंदी मापन पुस्तकात असते. आतल्या हवेची जबाबदारी मात्र कोणाच्याच टेबलावर नाही. शेतकरी अपघाताचे प्रस्ताव आमच्या हाताखालून जातात. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूसाठी २ लाख रुपये मिळतात आणि प्रस्ताव ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. काही वर्षांपूर्वी असाच एक प्रस्ताव माझ्याकडे आला. मृत्यूचे कारण लिहिले होते, ‘विहिरीत बुडून’. मी जागेवर गेलो होतो. विहिरीत पाणी घोट्याएवढे होते. कारणच चुकीचे लिहिले गेले तर पुढच्या विहिरीवर कोण सावध होणार? पंचनामा करताना पाण्याची खोली, आत इंजिन होते का, शेण किंवा गाळ किती, हे चार शब्द लिहायला पाच मिनिटे लागतात.

सेप्टिक टँकबाबत तर कायदाच आहे. २०१३ च्या कायद्याने साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवायला बंदी आहे. अशा कामात मृत्यू झाल्यास वारसांना ३० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सांगितले. ग्रामपंचायतीने ठेका दिला असेल तर हा आकडा आपल्या अंदाजपत्रकाशेजारी ठेवून बघा.

२०२१ च्या एप्रिलमध्ये याच प्राणवायूसाठी १९ तारखेला कळंबोलीहून रिकामे टँकर आगगाडीवर चढवून विशाखापट्टणमला धाडले होते आणि ते भरून आणले होते. नाशिकला २१ एप्रिलला रुग्णालयाच्या टाकीतून गळती झाली आणि पुरवठा तुटून वीसहून अधिक रुग्ण दगावले. तेव्हा गावातल्या शेंबड्या पोरालाही ऑक्सिजनचा आकडा किती हवा ते तोंडपाठ झाले होते. बोटाला लावायचे ते यंत्र पुष्कळ ग्रामपंचायतींच्या कपाटात अजून पडून असेल. ते विहिरीची हवा मोजत नाही, बरे का. त्यासाठी वायुमापक वेगळा मिळतो, हातात मावणारा, प्राणवायू आणि विषारी वायू दोन्ही दाखवणारा आणि धोका झाला की वाजणारा. एकट्या शेतकऱ्याला तो परवडणार नाही. पाच-सहा गावांनी मिळून एक घेतला आणि यारीवाल्याकडून वापराचे भाडे घेतले, तर बोजा वाटणार नाही.

१ मेची ग्रामसभा जवळ आली आहे. विषयपत्रिकेवर गावातील पडीक विहिरी, वापरात नसलेले गोबरगॅसचे खड्डे आणि शाळा-अंगणवाडीच्या सेप्टिक टँक यांची यादी घ्यावी. जाळी कोणाला, झाकण कोणाला, बुजवायचे काय, ते त्याच बैठकीत ठरवता येईल. यादीत विहीरमालकाचे नाव आणि आत काय साठले आहे, एवढे दोन रकाने असले तरी चालतील.