कुंडीतली शिंदळ माकडी आणि कड्यावरची

दुर्मीळ वनस्पतीची रोपे प्रयोगशाळेत तयार झाल्याची बातमी आली, की ती वनस्पती वाचली असे मानून आपण निश्चिंत होतो. ही समजूत किती अपुरी आहे, हे फ्रेरिया इंडिका, अर्थात आपली शिंदळ माकडी, दाखवून देते.

दक्षिण आफ्रिकेतील स्टॅपेलियांची ही मांसल नातलग. एकोणिसाव्या शतकात डाल्झेल यांनी तिचे वर्णन केले आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव तिला दिले. आज तिची गणना बुसेरोशिया या प्रजातीत होते. निसर्गतः ती केवळ महाराष्ट्रात, शिवनेरी, वज्रगड, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणच्या कड्यांवर आढळते. पावसाळ्यात पाने आणि तांबूस चांदणीसारखी फुले. उन्हाळ्यात उरते ती पाणी साठवणारी निष्पर्ण खोडे.

लागवड मात्र अवघड नाही. छाट दोन-चार दिवस सुकवावी, वाळूमिश्रित मातीत लावावी आणि पाणी बेताने द्यावे. हुगळीकाठच्या बजबजच्या दमट हवेतही, निचरा चांगला असेल तर, ती तग धरते. परदेशी संग्राहकांकडे तर ती अनेक वर्षे आहे. मग चिंता कशाची?

चिंता अशी, की छाटांपासून वाढवलेली शंभर रोपे जनुकीयदृष्ट्या एकच झाड असते. एका रोगाला जे बळी पडते, त्याला सारीच बळी पडू शकतात. कड्यावर माश्या परागपुंज वाहून नेतात, रेशमी झुपका असलेले बी वाऱ्यावर उडून खडकाच्या फटीत रुजते आणि प्रत्येक नवे रोप थोडे वेगळे निपजते. कुंडीत खोड जगते, ही प्रक्रिया नव्हे. उलट चराई, वणवे, दरडी आणि संग्राहकांचा लोभ यांचे सावट कड्यावरच आहे.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. रोपवाटिका हवीच, ती जंगलातील चोरीला पर्याय देते. पण प्रत्येक छाटेचे मूळस्थान नोंदलेले हवे, एका कड्याची रोपे दुसऱ्या कड्यावर अविचाराने लावली जाऊ नयेत आणि गडसंवर्धनाच्या आराखड्यात तटबंदीइतकेच स्थान कड्यावरील वनस्पतींनाही मिळावे.

विद्यार्थी मित्रांनो, अशी बातमी पुन्हा वाचाल तेव्हा रोपे किती झाली एवढेच विचारू नका. त्यांतील किती कड्यावर परतली, किती वर्षे जगली आणि त्यांच्या बियांतून स्वतःहून किती रोपे उगवली, हेही विचारा. संवर्धनाचे यश त्या शेवटच्या आकड्यात असते.